ग्राउंडवर नव्याने लागलात? आधी ओल ओळखायला शिका

क्रिकेटचं मैदान क्लबचं असो, कॉलेजचं असो की महापालिकेचं, पुण्यात नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी खराटा, पाण्याचा पाइप आणि घमेलं येतं. मॉवर येत नाही, रोलर तर नाहीच. यात अपमान काही नाही. चुकीच्या वेळी एकदा फिरलेला रोलर आठ दिवसांची मेहनत अर्ध्या तासात घालवतो, आणि ती वेळ चुकीची होती हे दुसऱ्या दिवशी पोपडे उडायला लागल्यावरच कळतं. म्हणून जुनी माणसं रोलर कोणाच्या हाती द्यायचा ते एकाच गोष्टीवरून ठरवतात: या पोराला मातीतली ओल कळते का?

शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, तेच इथलं मूळ ज्ञान आहे. वापसा म्हणजे माती ना चिखल, ना ढेकूळ, काम करण्याजोगी. खेळपट्टीवर पाणी कधी मारायचं, रोलर कोणता आणि किती वेळ फिरवायचा, कव्हर कधी काढायचं, खड्डा कधी बुजवायचा, या सगळ्यांची उत्तरं तिथूनच निघतात. गवत कापायला महिन्याभरात कोणीही शिकतो. ओल कळायला एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा जावा लागतो, तेही रोज हात लावला तर.

ओल बघायची कशी

दिवसातून दोनदा बघा. सकाळी सव्वासहा-साडेसहाला, दव असतानाच, आणि दुपारी तीनच्या सुमाराला. जागा रोज त्याच पाच ठेवा: दोन्ही टोकांना क्रीजच्या पुढे दोन पावलं, दोन्हीकडे चेंडू जिथे टप्पा घेतो तिथे, आणि बरोबर मधोमध. रोज जागा बदलली तर कालच्याशी तुलनाच होत नाही.

पहिली परीक्षा अंगठ्याची. अंगठा सरळ खाली दाबायचा, रगडायचा नाही. तो रुतला आणि वर काढताना माती चिकटून आली, तर त्या पट्टीवर कोणी पायही ठेवायचा नाही. ठसा उमटला, कातडीला गार लागलं, पण माती चिकटली नाही, तर हलक्या रोलरची वेळ झाली. अंगठा उमटत नाही, नखाची खूण मात्र होते, ही जड रोलरची वेळ. नखही उमटेनासं झालं की दाबण्याचं काम संपलं. त्यानंतर रोलर फिरवून वर नुसती चकाकी येते आणि पुढे पोपडे सुटतात.

पण नुसत्या अंगठ्यावर भिस्त ठेवू नका, कारण वरची माती फसवते. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात वरचा थर दुपारपर्यंत पापडासारखा कडक होतो आणि दोन इंच खाली माती अजून लोण्यासारखी असते. त्यावर जड रोलर गेला की वरचा पापड खालच्या मऊ थरावर सरकतो आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. नंतर अशा पट्टीवर चेंडू कधी घोट्याएवढा राहतो, कधी छातीपर्यंत उसळतो. म्हणून खिशात एक लांब, पातळ स्क्रूड्रायव्हर ठेवा. त्याच्या दांड्यावर २, ५ आणि ७ सेंटिमीटरवर रंगाची रेघ ओढा. पाचही जागी सारखाच जोर लावून तो किती आत जातो ते बघायचं. मनगटाचा जोर रोज सारखा ठेवायला आठवडाभर लागतो. तोपर्यंत आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका.

तिसरी परीक्षा शेंगोळीची. खेळपट्टीच्या कडेला, खेळात न येणाऱ्या जागेवरून चार-पाच सेंटिमीटर खोलीची चिमूटभर माती घ्या आणि दोन्ही तळहातांत वळा, घरी शेंगोळ्या वळतात तशी, पेन्सिलीएवढी जाड. वळताना तळहात माखले आणि शेंगोळी वाकवूनही तुटली नाही, तर ओल जास्त आहे. वळली गेली, पण वाकवताना चिरली, तर वापसा आहे. वळतानाच तुकडे पडले तर माती कोरडी. काढलेली माती परत त्याच भोकात दाबून बसवा.

जे दिसलं ते वहीत लिहा: तारीख, आभाळ, पाच जागांचे आकडे, किती पाणी मारलं, कोणता रोलर किती वेळ फिरला. आणि मामांना, म्हणजे मैदान सांभाळणाऱ्या मुख्य माणसाला, सांगताना नेमकं सांगा. ‘मामा, पिच जरा ओलं वाटतंय’ याने कोणाला काही कळत नाही. ‘मामा, पॅव्हेलियनच्या टोकाला क्रीजपुढे अंगठा अर्धं पेर जातोय, माती चिकटतेय, दुसऱ्या टोकाला नुसता ठसा येतोय’ असं सांगितलं की मामा उठून बघायला येतात. दोन टोकांतला असा फरक बहुतेक वेळा सावलीमुळे असतो. स्टँडची किंवा झाडांची सावली सकाळी नऊपर्यंत एका टोकावर राहिली तर ते टोक अर्धा दिवस मागे असतं. कधी पाइप एकाच बाजूला जास्त वेळ धरलेला असतो. कारण शोधून सांगितलंत तर आणखी चांगलं.

पाणी: मोजून मारा

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. खेळपट्टी २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद, म्हणजे ६१ चौरस मीटरच्या थोडी वर. तेव्हा १ मिलिमीटरला ६१ लिटर, आणि खोल भिजवायला १० मिलिमीटर द्यायचे तर ६१० लिटर. आता पाइप किती देतो ते मोजा. १५ लिटरची बादली भरायला ३० सेकंद लागली, तर मिनिटाला ३० लिटर, आणि ६१० लिटरला साधारण वीस मिनिटं. बोअरचा दाब आणि टाकीचा दाब वेगळा असतो, त्यामुळे दोन्हीची बादली-परीक्षा वेगवेगळी करा. उन्हाळ्यात टाकी अर्ध्यावर आली की दाब उतरतो, तेव्हा पुन्हा करा.

ही वीस मिनिटं सलग देऊ नका. काळी माती पाणी हळू पिते. वर डबकं दिसायला लागलं की थांबायचं, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग पुढचा हात. तीन हातांत पाणी खाली उतरतं, एकाच हातात दिलं तर कडेला वाहून जातं आणि खेळपट्टीच्या बाजूची पट्टी चिखल होऊन बसते. पाइपाच्या तोंडाला शॉवर लावा. शॉवर नसेल तर तोंडाभोवती गोणपाट बांधा. उघड्या धारेने माती उकरली जाते आणि तिथे नंतर हमखास खळगा पडतो.

पाण्याची वेळ सकाळची. संध्याकाळी भिजवलेलं गवत रात्रभर ओलं राहिलं की बुरशी धरते. खेळपट्टी सुकत असताना मध्येच कोणी दयेने पाणी शिंपडलं, तर तो थर वेगळा सुकतो आणि वेगळा सुटतो. म्हणून न विचारता पाणी मारू नका, पिच कितीही तहानलेलं दिसलं तरी. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी साय येत असेल तर तेही वहीत लिहा, ती क्षारांची असते.

रोलर हाती येईल तेव्हा

शनिवारी सामना असेल तर उन्हाळ्यात साधारण आदल्या रविवारी-सोमवारी खोल पाणी, मंगळवारी वापसा बघून हलका रोलर, मग बुधवार-गुरुवार जड. डिसेंबरात हेच दोन दिवस आधी सुरू करावं लागतं, कारण माती सुकतच नाही. हे वेळापत्रक अंदाजापुरतं. हुकूम अंगठ्याचा.

रोलर फिरवण्याआधी झाडणं सक्तीचं. क्रिकेटच्या नियमांतही ते लिहिलेलं आहे. वर राहिलेला खडा रोलरखाली मातीत घुसतो आणि महिनाभराने चेंडूखाली सापडतो. रोलर चालण्याच्या वेगाहून हळू चालवा. ९० सेंटिमीटर रुंदीचा रोलर असेल तर प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर अर्धी चढवत न्या. ३.०५ मीटर रुंदीला सहा फेऱ्या बसतात. वळण खेळपट्टीच्या बाहेर घ्या. पट्टीवर थांबू नका, कारण थांबलेल्या रोलरखाली पन्हाळी पडते आणि ती दुसऱ्या दिवशी पाणी टाकल्यावर डोळ्यांना दिसते. रोलरच्या अंगाला माती चिकटायला लागली की तो क्षण थांबण्याचा. बाहेर न्या, खुरप्याने अंग साफ करा आणि दोन तास वाट बघा. ‘आलोच आहोत तर संपवून टाकू’ म्हणून पुढे रेटलं की माती सालासारखी उचलली जाते.

पहिल्या काही फेऱ्या आडव्या आणि तिरक्याही मारतात. नुसता उभा रोलर माती पुढे ढकलत नेतो आणि टोकांना उंचवटा तयार होतो. आडवी फेरी तो मोडते.

सामना चालू असतानाचे नियम वेगळे. एकापेक्षा जास्त दिवसांच्या सामन्यात फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराने मागितलं तरच रोलर फिरतो, पहिला डाव सोडून प्रत्येक डावाआधी किंवा दिवसाचा खेळ सुरू होण्याआधी, आणि जास्तीत जास्त ७ मिनिटं. घड्याळ बघणारा माणूस बहुधा तुम्हीच असता. सहा मिनिटांना आवाज द्या, म्हणजे शेवटची फेरी पूर्ण होऊन रोलर वेळेत बाहेर पडतो.

ओलीचा हिशेब किती मोठा असतो याचं उदाहरण पुण्यातच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गहुंजेला झालेली भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिसऱ्या दिवशी संपली आणि ऑस्ट्रेलियाने ती ३३३ धावांनी जिंकली. पहिल्या दिवसापासून कोरड्या खेळपट्टीवर चेंडू हातभर फिरत होता. सामनाधिकाऱ्यांनी त्या खेळपट्टीला निकृष्ट असा शेरा दिला. अशा सामन्यात नवखा माणूस काही ठरवत नसतो, पण कोरडी पट्टी कशी वागते ते त्या सामन्याची दृश्यं बघून शिकता येतं. चेंडू टप्पा घेतो तिथे उडणारी धूळ बघा, आणि मग आपल्या पट्टीवर नेट चालू असताना तीच जागा बघा.

कव्हर: नव्या माणसाची खरी परीक्षा

मे महिन्यात दुपारी चारला वळीव येतो. आभाळ भरून यायला आणि टपोरे थेंब पडायला मध्ये कधीकधी दहाच मिनिटं मिळतात. पावसाळी ढग पश्चिमेकडून येतात म्हणून वळवाच्या दिवसांत तिकडेच बघत बसू नका, तो कुठूनही उठतो. फोनवर हवामान खात्याचं रडारचं चित्र दुपारी दोनपासून अर्ध्या तासाने बघत राहा. त्या खात्याची कचेरी, आपलं शिमला ऑफिस, शिवाजीनगरातच आहे, पण तिथला पाऊस आणि तुमच्या मैदानावरचा पाऊस एक नसतो. वारा अचानक पडला आणि मग गार झुळूक आली की चित्र बघायला थांबू नका, दोराला हात घाला.

कव्हर घालताना वारा ज्या बाजूने येतोय ती कड आधी जमिनीला जखडा, वाळूच्या पिशव्या किंवा जुने टायर टाकून. मग उरलेलं वाऱ्याबरोबर उलगडत न्या. उलट केलं तर कव्हर शिडासारखं फुगतं आणि चार माणसांना ओढत नेतं. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. कडा खेळपट्टीपासून निदान दीड-दोन मीटर बाहेर पडल्या पाहिजेत, आणि पाणी उताराकडे निथळेल अशी एक कड मोकळी सोडा. दोन कव्हरं जोडायची तर वरच्या अंगाचं कव्हर खालच्या अंगाच्या कव्हरावर चढलं पाहिजे, कौलांसारखं. हे उलटं झालं तर सगळं पाणी सांध्यातून नेमकं पिचवर.

काढणं घालण्याहून अवघड. कव्हरावर साठलेलं पाणी आधी स्पंजच्या रोलरने किंवा सुपर सॉपरने, म्हणजे पाणी शोषणाऱ्या यंत्राने, काढा, किंवा झाडूने उताराकडे लोटा. मग माणसं लांबीच्या एका बाजूला उभी करा, कड उचलून दुसऱ्या कडेवर घडी घाला आणि आउटफिल्डकडे ओढत न्या. खेळपट्टीच्या लांबीवरून ओढायचं नाही, कारण पोटात राहिलेलं पाणी क्रीजवर ओतलं जातं. सगळ्यांनी एका आवाजावर चालायचं. एक जण घाईत पुढे गेला की मधोमध झोळ पडतो आणि पाणी तिथेच जमतं.

कव्हराखाली घाम येतो. जमिनीतली ओल वर येते, प्लास्टिकला लागून थेंब होते आणि परत खाली पडते. रात्रभर झाकलेली पट्टी सकाळी वर ओली दिसते ती बहुधा यामुळे. कव्हर फाटलेलं नसतं. म्हणून कव्हराखाली गोणपाट पसरतात, ते थेंब शोषून घेतं. पाऊस थांबला की कव्हर वेळेवर उघडायचं, खालचा वारा बदलू द्यायचा. दोन-तीन दिवस झाकून ठेवलेलं गवत पिवळं पडतं, आणि बुरशीला यापेक्षा चांगलं घर मिळत नाही. गोणपाट रोज उन्हात वाळवायचं. ओलं गोणपाट टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं.

पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या कव्हरात साप बसतो. नाग, घोणस, मण्यार तिन्ही पुण्याच्या आजूबाजूला आहेत. कड उचलताना ती आपल्याकडे उचला, म्हणजे उघडणारी बाजू आपल्यापासून लांब राहते आणि मध्ये कव्हराची भिंत असते. पायात बूट, हातात काठी. साप दिसला तर सगळ्यांना मागे घ्या आणि सर्पमित्राला बोलवा. पकडायला जाऊ नका.

क्रीजची आखणी

इथे इंचाची चूक म्हणजे चुकीचा नो-बॉल. कापडी टेप ओढली की ताणते, म्हणून स्टीलची टेप घ्या.

मधल्या स्टंपांची केंद्रं दोन्ही टोकांना २०.१२ मीटरवर पक्की करा आणि त्यांच्यामधून सुतळी ताणून बांधा. प्रत्येक टोकाला त्या सुतळीशी काटकोन काढायचा. गवंड्याचा गुण्या एवढ्या लांबीला पुरत नाही. सुतळीवर १२० सेंटिमीटरवर खूण, क्रीजच्या दिशेने ९० वर खूण, आणि या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० आलं की काटकोन झाला. मग मधल्या स्टंपाच्या केंद्रापासून दोन्हीकडे १.३२ मीटर मोजा. ही २.६४ मीटरची बोलिंग क्रीज झाली. दोन्ही टोकांच्या आखून झाल्यावर एका टोकाच्या डाव्या कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. दोन्ही कर्ण २०.२९ मीटर यायला हवेत. एक कमी आणि एक जास्त आला तर काटकोन चुकलाय. रंगाला हात लावू नका, पुन्हा मोजा.

पॉपिंग क्रीज बोलिंग क्रीजच्या १.२२ मीटर पुढे, समांतर, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे निदान १.८३ मीटर. रिटर्न क्रीज, म्हणजे बोलिंग क्रीजच्या दोन्ही टोकांतून काटकोनात जाणारी रेषा, पॉपिंग क्रीजपासून मागे निदान २.४४ मीटर. नवी माणसं जिथे चुकतात ते म्हणजे रंगाची जाडी कोणत्या बाजूला टाकायची. नियमाप्रमाणे बोलिंग आणि पॉपिंग क्रीजची खरी रेषा म्हणजे पट्ट्याची मागची कड, स्टंपांकडची. म्हणजे सुतळीला रंगाची मागची कड लावायची आणि जाडी पुढे, समोरच्या टोकाकडे जाऊ द्यायची. रिटर्न क्रीजची खरी रेषा आतली कड, म्हणून तिथे जाडी बाहेर. लाकडी किंवा लोखंडी साचा असेल तर तो वापरा, पण महिन्यातून एकदा साचाच टेपने तपासा. लाकूड पावसाळ्यात फुगतं.

रंग पाण्यात मिसळणारा, पातळ, दोन हात. कळीचा चुना वापरू नका, तो डोळ्यांना आणि कातडीला भाजतो आणि गवतही जाळतो. आउटफिल्डला आणि कबड्डीच्या आखणीला फक्की चालते, ती टाकताना वाऱ्याकडे पाठ करा. तीस यार्डाचं वर्तुळ दोन अर्धवर्तुळांचं असतं, प्रत्येक टोकाच्या मधल्या स्टंपापासून २७.४३ मीटर त्रिज्येचं, आणि ती दोन सरळ रेषांनी जोडलेली. ठिपके दर ४.५७ मीटरवर. पिचच्या मध्यातून एकच गोल मारला की सगळं चुकतं.

त्याच मैदानाच्या कोपऱ्यात कबड्डीचं मैदान आखायला सांगितलं तर पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, कर्ण १६.४० मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. काटकोनाची युक्ती तीच.

स्टंपांची भोकं पाडायच्या आदल्या संध्याकाळी तिन्ही जागी थोडं थोडं पाणी मुरवा. कोरड्या मातीत पहार घातली की भोकाभोवती चकती उडते. तिन्ही स्टंपांची मिळून बाहेरून बाहेर रुंदी २२.८६ सेंटिमीटर, जमिनीवरची उंची ७१.१. ही दोन मापं कोरलेली एक फळी करून ठेवा.

बोलरने पाडलेले खड्डे

हे काम नव्या माणसाला लवकर मिळतं, आणि नीट केलं तर लवकर नावही होतं. आधी सुटी माती खराट्याने नाही, मऊ ब्रशने काढा. खड्ड्याच्या कडा सैल असतील तर खुरप्याने उभ्या कापून घ्या, कारण निमुळत्या कडेवर टाकलेली माती पापुद्र्यासारखी सुटते. तळ टोच्याने टोचा आणि फवाऱ्याने ओला करा, तळात पाणी साचू देऊ नका. भरायला त्याच खेळपट्टीची चाळलेली माती, वापशावर असलेली, म्हणजे शेंगोळी वळली जाते पण वाकवताना चिरते अशी. दोन सेंटिमीटरचा थर, धुम्मसाने ठोकणं, वरून ब्रशने ओरखडे, मग दुसरा थर. शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीहून किंचित वर ठेवा, ठोकल्यावर तो बसतो.

चिखलाचा गोळा थापून वर गुळगुळीत करणं दिसायला छान दिसतं, पण काळी माती वाळताना आकसते आणि अख्खी चकती कडेने सुटते. बोलर त्यावर सगळ्या जोराने पाय आपटतो, तिथे घोटा मुरगळतो. सामना चालू असताना खड्ड्याला हात लावायचा तर पंचांच्या परवानगीनेच.

गवत

पुण्याच्या मैदानांवर बहुतेक हरळीचं राज्य आहे. एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका. ३० मिलिमीटर वाढलेलं गवत एकदम १२ वर आणलं की खालचा पिवळा दांडा उघडा पडतो. आधी २०, तीन-चार दिवसांनी १४. दव झटकल्याशिवाय मॉवर चालवू नका. दोन टोकांना दोघांनी लांब दोर धरून मैदानभर ओढला की दव झडतं. दर वेळी कापायची दिशा बदला. कापल्यावर दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट दिसली तर पातं बोथट आहे. सिलिंडर मॉवरची धार तपासायला, इंजिन बंद करून प्लगची वायर काढून, कागदाची पट्टी पात्यांत धरा आणि सिलिंडर हाताने फिरवा. रुंदीभर सगळीकडे कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. पेट्रोल गवतावर भरायचं नाही. सांडलेल्या जागी दोन दिवसांत तपकिरी डाग पडतो आणि महिनाभर टिकतो.

युरिया देताना चौरस मीटरला ८-१० ग्रॅमच्या वर जाऊ नका. खेळपट्टीला मिळून अर्धा किलो झाला. अर्धा उभा, अर्धा आडवा फेका आणि लगेच पाणी द्या.

पावसाळ्यात गवत जागोजाग पिवळं पडलं आणि हाताने ओढल्यावर सतरंजीसारखं उचलून आलं, तर खाली हुमणी आहे. मुळं खाल्लेली असतात. एक वीत बाय एक वीत उकरा आणि पांढऱ्या अळ्या मोजून सांगा. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर दिसतात, तेव्हाच लक्ष ठेवलं तर पुढचं नुकसान टळतं. लव्हाळा उपटताना खालची गाठ आली पाहिजे, नाहीतर एकाचे चार होतात. कुंपणाकडच्या गाजरगवताला उघडा हात लावू नका, अंगाला खाज सुटते. फुलं येण्याआधी मुळासकट काढा. गांडुळांनी वर टाकलेली माती वाळल्यावर झाडा. ओली असताना झाडली तर ती लिंपली जाते आणि पाण्याची वाट बंद होते.

अंग सांभाळा, माणसं सांभाळा

वीज कडाडताना लोखंडी रोलरजवळ किंवा मोकळ्या मैदानात थांबू नका. कव्हर घालून झालं असो वा नसो, आत या. पंपाच्या स्टार्टरला ओला हात लावू नका. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार जड काम टाळा, टोपी, पाणी आणि ताक जवळ ठेवा. ठेकेदाराकडून लागला असाल तर बूट पहिल्याच दिवशी मागून घ्या, मॉवरजवळ चपलेत उभं राहू नका.

मैदानावर कोणाचं कोणाला पटत नाही असे दिवस येतात. सेक्रेटरी साहेबांना उद्याच सामना हवा असतो, कोचना नेट हवं असतं, मामा म्हणतात माती तयार नाही. तुम्ही बाजू घ्यायला जाऊ नका, वही पुढे करा. कुठे किती ओल आहे ते आकड्यात दिसलं की वाद निम्म्यावर येतो. आणि मामांनी ‘थांब’ म्हटलं तर का थांबायचं ते त्याच वेळी, सगळ्यांसमोर विचारू नका. संध्याकाळी पाइप गुंडाळताना विचारा. तेव्हा ते हाताने माती उचलून दाखवतात, आणि त्या दहा मिनिटांत जे मिळतं ते दुसरीकडे कुठे मिळत नाही.

सामना संपल्यावर लोक निघून जातात तेव्हा पट्टी सोडू नका. झाडून घ्या, स्टंपांची भोकं ओलसर माती भरून ठोकून बुजवा, खड्ड्यांची सुटी माती काढा, वापरलेल्या पट्टीला हलकं पाणी द्या. मग त्या पाच जागांवर पुन्हा एकदा अंगठा ठेवा आणि उद्याच्या पानावर पहिली ओळ आजच लिहून ठेवा.